मेटकरी मास्तरांचा क्लेम

मेटकरी मास्तरांनी माझं पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नव्हतं. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या खाटेवर ते उताणे पडले होते. मी खाटेशी उभा राहून, वकिलाला शोभेल असा गंभीर चेहरा करून म्हणालो, "मास्तर, झालं ते फारच वाईट..."

"थांबा की वकीलसायेब," ते म्हणाले. "वाईट झालंय ते मला ठावं हाय. मी तितंच हुतो. तुमी नवं काय आणलंय ते सांगा."

शेजारच्या खाटेवरचा पाय लटकवलेला म्हातारा फिस्सकन हसला. मी खुर्ची ओढून बसलो आणि त्या दिवसापासून पुढची पाच वर्षं हा माणूस मला एकही वाक्य गंभीरपणे पुरं करू देणार नव्हता.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मला वकिली सुरू करून आठ वर्षं झाली होती. बांधाचे दावे, भाडेकरूंचे दावे, एखादी पोटगी, असं माझं चाललं होतं. मुलींच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिका बाईंनी निरोप पाठवला: आमच्या पी.टी.च्या मास्तरांना टेंभुर्णीला ट्रकनं उडवलं, पाठीचा कणा मोडला, कोर्टातून काही मिळेल का बघा. मोटार अपघाताचा क्लेम मी तोवर एकच चालवला होता आणि तो हरलो होतो. ते मी बाईंना सांगितलं नाही. मास्तरांना मात्र सांगून टाकलं, कारण त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं अवघड होतं.

"हरलात?" ते म्हणाले. "बेस झालं. हरलेला गडी दुसऱ्या डावात लई चपळ पळतो."

मायाप्पा मेटकरी मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. दहा वर्षांचे होईपर्यंत थोरल्या भावाबरोबर, बिराप्पाबरोबर, कळपामागे हिंडले. मग कुणा गुरुजींनी धरून शाळेत बसवलं. घरातले पहिले मॅट्रिक, आणि मग सोलापुरात बारा वर्षं पी.टी. मास्तर. बारा वर्षं त्यांनी एकच गोष्ट मन लावून केली होती, ती म्हणजे मुलींना खो-खो शिकवणं. शहरात राहून त्यांची भाषा बदलली नव्हती. इन्स्पेक्टर आले तरी 'हाय' आणि 'न्हाय'च. जगातला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी 'गडी' होता. हाडांचे डॉक्टर, वॉर्डातली नर्स, भेटायला आलेले संस्थेचे चेअरमन, सगळे गडी.

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. मणका मोडला तो जुळेल, पण त्याच्या आतली मज्जारज्जू चिरडली आहे, ती जुळत नाही. कमरेखाली जाणीव नाही, हालचाल नाही, लघवीचा ताबा नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि बायकोला, तुळसाबाईंना, म्हणाले, "शाळेतनं निळी पेन्सिल आण." ती आल्यावर त्यांनी तिला पोटापासून खाली चिमटे काढत जायला सांगितलं. जिथं चिमटा कळायचा बंद झाला, तिथं बेंबीच्या खाली बोटभर अंतरावर, पोटावर आडवी रेघ ओढून घेतली.

मला ती रेघ त्यांनी शर्ट वर करून दाखवली. "ही बघा हद्द. हिच्या वरचा मायाप्पा माजा. खालचा औट झालाय."

रोज सकाळी तुळसाबाई चिमटे काढून बघायच्या, रेघ खाली सरकली का. मास्तर वॉर्डभर जाहीर करायचे, "आज न्हाय. उद्या बघू!" म्हातारा, नर्स, झाडूवाली, सगळ्यांना त्या रेघेची उत्सुकता लागली होती. तीन महिने झाले. एके दिवशी मी गेलो तर पोट पुसून लख्ख केलेलं.

"सरकली?" मी अधीर होऊन विचारलं.

"न्हाय," मास्तर म्हणाले. त्यांनी शर्ट खाली ओढून घेतला. मग म्हणाले, "रेघेकडं बघत बसलं की गडी खेळत न्हाय. म्हणून पुसली."

तुळसाबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांच्या कमरेला एक गजराचं घड्याळ कायम खोचलेलं असे. कमरेखाली जाणीव नसलेल्या माणसाला एका कुशीवर फार वेळ ठेवलं तर कातडी सडते आणि त्या जखमेनंच माणूस जातो, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. दर दोन तासांनी कूस बदला. घड्याळ वाजलं की हातातलं काम टाकून त्या यायच्या, "वळा आवं," म्हणायच्या, आणि पदर खोचून त्या आडव्या माणसाला असं वळवायच्या की बघत राहावं. पाच वर्षांत मास्तरांच्या पाठीला एक फोड आला नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांनी नव्या डॉक्टरांना ती पाठ मुद्दाम दाखवली होती.

क्लेम सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. मी केला. घरी सोडल्यावर शाळेनं नियमाप्रमाणे त्यांना कामाला अपात्र ठरवून मोकळं केलं. पी.टी. मास्तर चालू शकत नाही म्हटल्यावर शाळा तरी काय करणार? बाई स्वतः कागद घेऊन गेल्या आणि रडल्या. मास्तरांनी त्यांना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाऊ घालून पाठवलं.

आता प्रश्न होता खुर्चीचा. चाकांची खुर्ची त्या काळी सोलापुरात मिळत नव्हती. मुंबईहून मागवायची तर घर विकावं लागलं असतं. नवी पेठेच्या मागच्या बोळात रशीद मिस्त्रींचं सायकलीचं दुकान होतं. मास्तरांनी त्यांना घरी बोलावलं. रशीदभाई दारातच उभे राहून एकदा मास्तरांकडे, एकदा दाराच्या रुंदीकडे बघत राहिले.

"हौ मास्तर," शेवटी ते म्हणाले, "फिकर नक्को करो. ऐसी गाडी बनातूं, पुलीस बी सलाम करतंय."

शाळेतली लाकडी आरामखुर्ची, दोन सायकलची चाकं, पुढं लहान मुलांच्या सायकलचं एक. आठ दिवसांत गाडी तयार झाली. पहिल्या दिवशी उतारावर तिला ब्रेक नसल्याचं कळलं. मास्तर बोळातून थेट भाजीवालीच्या टोपलीत गेले. मेथीच्या जुड्यांत बसून ते असे हसत होते की भाजीवालीला ओरडायचं सुचेना. दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी ब्रेक लावला आणि वर, न मागता, एक घंटी.

इकडे माझा दावा मात्र अडकला होता. ट्रकच्या ड्रायव्हरनं पोलिसांत लिहून दिलं होतं की हा माणूस एस.टी. पकडायला पळत रस्ता ओलांडत होता, एकदम समोर आला. ते खरं ठरलं तर दोष मास्तरांचा, आणि नुकसानभरपाई शून्य. मी जबाब वाचून दाखवला तेव्हा मास्तर खुर्चीतल्या खुर्चीत उसळले.

"मी पळत हुतो? आवो, मी पळत असतो तर ट्रकला घावलो असतो का?"

खरं असं घडलं होतं. टेंभुर्णीला सामन्यात पंचगिरी करून ते परत निघाले होते. एस.टी.ला वेळ होता म्हणून नाक्यावरच्या रसवंतीत उभे होते. मागून आलेल्या ट्रकनं बैलगाडी चुकवायला म्हणून तोंड वळवलं आणि तो रस्ता सोडून रसवंतीच्या मांडवात शिरला. बैलगाडीवाला थांबलाच नव्हता, त्यामुळं हे पाहणारा एकच माणूस उरला होता, रसवाला गणपत. मी टेंभुर्णीला जाऊन त्याला भेटलो. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चरकात ऊस घालत म्हणाला, "मी काय बघितलं न्हाय सायेब. ट्रकवाले माजं गिऱ्हाईक हाईत. उद्या हितं एक गाडी थांबायची न्हाय."

मी परत येऊन मास्तरांना सांगितलं, साक्षीदार गेला.

"गेला कुटं? तितंच हाय न्हवं? मग मीच जातो."

"कसे जाणार?"

"ट्रकनं," मास्तर म्हणाले. "एस.टी.त खुर्ची मावत न्हाय."

आणि खरोखर गेलो. भुसाराची पोती टाकून रिकामा परत चाललेला एक ट्रक बिराप्पांनी गाठला. बिराप्पा म्हणजे मास्तरांच्या दीडपट रुंद आणि दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. त्यांनी भावाला कोकरासारखं खांद्यावर घेऊन ट्रकमध्ये ठेवलं, खुर्ची दोरानं बांधली. तुळसाबाई घड्याळ घेऊन बसल्या. ट्रकच्या ड्रायव्हरला कळलं की या माणसाला ट्रकनंच मोडलंय, तेव्हा तो गाडी इतकी हळू चालवू लागला की मास्तर केबिनवर हात मारून ओरडले, "आरं गड्या, मी घाबरायचं तर तू का घाबरतोस? हाण की!"

रसवंतीसमोर खुर्ची उतरली. गणपतनं वर बघितलं आणि त्याचा चरकावरचा हात थांबला. चरकाची घुंगरं थांबली. मास्तर खुर्ची ढकलत थेट बाकड्याशी गेले.

"गणपतराव," ते म्हणाले, "माजा अर्धा ग्लास ऱ्हायलाय तुज्याकडं."

"क... कसला ग्लास?"

"त्या दिसाचा. आलं-लिंबू घातल्याला. अर्धाच पिऊन झाला हुता. उरल्याला दे की."

गणपत फडक्यानं चरक पुसायला लागला. मी मागं उभा होतो.

"ह्या हितंच, तुज्या बाकड्याला टेकून उभा हुतो मी," मास्तर अगदी सहज, गप्पा मारल्यासारखे बोलत होते. "रस्त्याकडं पाठ. तू मला इचारलंस, 'मास्तर, बरफ जादा झाला का?' आन् मी म्हणालो..."

"'लई झाला' म्हणालात," गणपतच्या तोंडून गेलं.

गेलं आणि त्यानं तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर पडला होता. तो चार पावलं चालत आला, मास्तरांच्या खुर्चीचं चाक धरून खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. "मास्तर, माज्या डोळ्यांम्होरं... ग्लास तुमच्या हातातच हुता वो..."

"मग रडतोस कशाला? एवढंच सांग की कोर्टात. बरफ लई झाला हुता, एवढंच."

त्या दिवशी आम्ही चौघांनी आणि ट्रकच्या ड्रायव्हरनं पोटभर रस प्यायला. बिराप्पांनी पाच ग्लास घेतले आणि परतीच्या वाटेवर दिवसाचं एकमेव वाक्य बोलले: "बरफ बराबर हाय."

साक्षीदार मिळाला तसा मला हुरूप आला. वकिलाला हुरूप आला की तो अशिलाला उपदेश करतो. मी मास्तरांना बजावलं की निकाल लागेपर्यंत घरात बसा. मैदानावर दिसू नका. विमा कंपनीचे वकील दाते जिल्ह्यातले जुने, मुरलेले. तुम्ही धडधाकट दिसलात की ते त्याचा फायदा घेतील.

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. "म्हंजे क्लेम मिळायसाठनं मी मेल्याचं सोंग करू?"

"सोंग नाही. फक्त जरा..."

"मेलो असतो तर दावा तुळसानं केला असता. मी केलाय तो जित्ता हाय म्हणून. मग जित्त्या माणसासारखं वागू द्या की!"

दुसऱ्या दिवसापासून ते शाळेच्या मैदानावर जायला लागले. पगार नाही, पद नाही. बाईंनी डोळेझाक केली. आणि तिथं एक अजब गोष्ट घडली, जी मास्तर मला सांगायला भर दुपारी कचेरीत आले. दोन मुली खुर्ची ढकलत होत्या आणि ते लांबूनच घंटी वाजवत होते.

"वकीलसायेब, मला घावलं! बारा वर्सं मी उभा ऱ्हाऊन शिकवलं. उभ्या माणसाला पळणाऱ्याचं तोंड दिसतं, खांदं दिसत्यात. आन् खांदं खोटं बोलत्यात. हूल खांद्यानं देत्यात! पाटीवर बसल्याल्या पोरीला काय दिसतं? पाय! आता मी तिच्या उंचीला आलो. पाय खोटं बोलत न्हाईत. कुटं वळणार त्ये पायाचा अंगठा आदी सांगतो!" त्यांनी माझ्या टेबलावरचे दौत-टाक सरकवून मैदान मांडलं, आठ टाचण्या पाटीवर बसवल्या आणि अर्धा तास मला खेळ समजावला. बाहेर बसलेले दोन अशील आत येऊन उभे राहिले. माझा कारकून तर पंजे रोवून पाटीवर बसूनच दाखवायला लागला.

त्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेत मास्तरांचा संघ अंतिम सामन्यात आला. समोर बार्शीचा संघ. मी जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि सामना सुरू व्हायच्या आधी अर्धा तास पहिल्या रांगेत जाऊन बसलो होतो.

शेवटचा डाव. आमच्या मुलींची पाठलागाची पाळी. बरोबरी झालेली. बार्शीची एकच मुलगी मैदानात उरलेली, उंच, हरणासारखी, आणि मिनिटभरही वेळ उरला नव्हता. ती खुंटाभोवती अशी फिरत होती की आमच्या मुली नुसत्याच धापा टाकत होत्या. मास्तर रेघेच्या अगदी कडेला खुर्ची आणून पुढं वाकले होते, इतके की तुळसाबाईंनी मागून त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरून ठेवली होती. शेवटच्या पाटीवर नरसम्मा बसली होती, विणकराच्या घरातली, काटक, बुटकी पोर. खो मिळाला. बार्शीच्या मुलीनं डावा खांदा टाकला. सगळं मैदान डावीकडं झुकलं.

"पाय बघ! नरसू, पाय!" मास्तरांचा आवाज.

नरसम्मा डावीकडं गेलीच नाही. उजवीकडं तिनं सरळ जमिनीला समांतर सूर मारला. बोटांची टोकं त्या मुलीच्या टाचेला लागली, आणि शिट्टी झाली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मुलींनी मास्तरांना खुर्चीसकट उचललं. ते दोन्ही हात वर करून ओरडत होते. मी माझी एक चप्पल हरवली. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला आणि तो बघून माझं धाबं दणाणलं.

व्हायचं तेच झालं. मास्तरांची साक्ष होती त्या दिवशी दाते वकिलांच्या फायलीवर ते कात्रण टाचलेलं मला दुरूनच दिसलं. गणपतची साक्ष आधी झाली होती आणि चांगली झाली होती. चूक कुणाची, याचा निकाल जवळपास लागल्यासारखा होता. आता प्रश्न होता नुकसान किती झालं याचा.

कोर्टाच्या पायऱ्यांवरून बिराप्पांनी खुर्ची वर आणली. न्यायाधीश सौजन्यानं म्हणाले, "तुम्ही बसून साक्ष दिलीत तरी चालेल."

"दुसरा इलाज हाय का सायेब?" मास्तर म्हणाले. न्यायाधीशांनी हसू दाबलं.

दाते उठले. आवाज मृदू, सायीसारखा. "हा फोटो तुमचाच ना?"

"व्हय."

"तुम्ही हसताय."

"लई हसतोय. एका गड्यानं जितलो."

"आणि मागं हे जे गृहस्थ ओरडताहेत, एका पायात चप्पल नसलेले?"

न्यायाधीशांनी फोटो हातात घेऊन आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी फायलीत डोकं खुपसलं.

"म्हणजे मास्तर," दाते पुढं म्हणाले, "तुमचं शिकवण्याचं काम पूर्वीसारखंच चालू आहे?"

"न्हाय."

"नाही?"

"पूर्वीपेक्षा चांगलं चालू हाय."

मी डोळे मिटले. दात्यांच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "म्हणजे अपघातानंतर तुम्ही अधिक चांगले शिक्षक झालात, असं कोर्टानं लिहून घ्यावं?"

"घ्या की लिहून. खरं हाय त्ये." मास्तर खुर्चीत जरा सरसावून बसले. "म्हणून काय तुमी जिल्ह्यातल्या सगळ्या मास्तरांचं कणं मोडून आणणार हाय का?"

कोर्टात हशा पिकला. पट्टेवालासुद्धा हसला. दातेही हसले, पण त्यांनी धागा सोडला नाही. "तुम्ही आनंदी आहात, काम करता आहात. मग नुकसान नेमकं कशाचं झालं?"

हशा थांबला. मास्तरांनी हात पुढं केला आणि कात्रण मागून घेतलं.

"सायेब," ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "ह्या फोटोत कमरेच्या वरचा माणूस हाय. दावा खालच्या माणसाचा हाय. सकाळी उटल्यावर माजी बायको मला तान्ह्या लेकरासारखं साफ करती. नळी घालून लघवी काढती. माज्या पायावर निखारा पडला तर वासावरनं कळतं, चटक्यानं न्हाय. आमाला लेकरू व्हायचं हुतं, त्ये आता व्हायचं न्हाय. ह्यातलं काय फोटोत येत न्हाय." त्यांनी कात्रण दात्यांकडे परत दिलं. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "आनंद म्हणाल तर त्यो मी कमावलाय. ट्रकवाल्यानं दिल्याला न्हाय. त्यानं जे घेतलं त्येवढंच मागतोय. माजा आनंद त्यातनं वजा कशापाई करता?"

दाते वकिलांनी ते फायलीत घालून फाईल मिटली. मग म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही."

त्यानंतर तुळसाबाईंची साक्ष. न्यायाधीशांनीच विचारलं, कूस किती वेळानं बदलता?

"दर दोन तासांनी."

"रात्रीसुद्धा?"

"पाठीला रात कळत न्हाय, सायेब."

हे उत्तर न्यायाधीशांनी स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. निकालपत्रात ते जसंच्या तसं आलं. माणसानं आपल्या हिमतीनं परत मिळवलेलं सुख हे अपराध्याच्या पदरात सूट म्हणून टाकता येणार नाही, असंही त्यांनी लिहिलं. आम्ही मागितलं त्याच्या पाऊण हिश्श्याएवढी रक्कम मंजूर झाली, आणि शुश्रूषेचा खर्च वेगळा. निकाल वाचून झाला तेव्हा मुली बाहेर व्हरांड्यात दाटीवाटीनं उभ्या होत्या. कुणीतरी दारातून खूण केली आणि जो गलका उठला, तो शेजारच्या कोर्टातल्या न्यायाधीशांनी पट्टेवाला पाठवून थांबवला. बिराप्पांनी मला उचललं. मी वकिलाच्या काळ्या कोटात, हवेत, आणि खाली मास्तर ओरडत होते, "ह्यो हरल्याला गडी! सांगितलं हुतं न्हवं मी!"

कंपनी वरच्या कोर्टात जाईल ही भीती होतीच. मुदत गेली, अपील आलं नाही. बऱ्याच दिवसांनी कळलं की अपील करू नये असा सल्ला कंपनीला खुद्द दात्यांनीच लेखी दिला होता. मी त्यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. फक्त बार रूममध्ये एकदा ते माझ्या शेजारी बसून, चहा ओतता ओतता म्हणाले, "तुमचा तो मास्तर. पुढचा सामना कधी आहे हो त्याचा?"

पैसे मिळाल्यावर मास्तरांनी होटगीजवळ थोडी जमीन घेतली. तिथं उंबरठा नसलेलं घर बांधलं. बिराप्पांना गावाकडून आणलं. मैदानावर यायला मात्र चुकले नाहीत, रेल्वेच्या मालडब्यात खुर्ची चढवून यायचे.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात मला सरकारी वकील म्हणून नेमणूक मिळाली आणि सोलापूर सोडायची वेळ आली. निरोप घ्यायला मी होटगीला गेलो. पुढं चार वर्षांनी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं ते गेल्याची बातमी मला पत्रानं कळली, त्यामुळं ती आमची शेवटचीच भेट ठरली.

घराला कडी होती. विहिरीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. मी धावत गेलो. पायऱ्यांची, दगडी बांधणीची विहीर. वरच्या पायरीवर रिकामी खुर्ची. वाकून बघितलं तर खाली पाण्यात मास्तर, काखेत ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, कडेला दोर धरून बिराप्पा, आणि पायरीवर लुगडं वर खोचून बसलेल्या तुळसाबाई.

"या वकीलसायेब! कोट काडा आन् उतरा!"

"हे काय चाललंय?"

"डॉक्टर म्हणले, पाण्यात माणसाचं वजन ऱ्हात न्हाय, हात-पाय हलवा. मी म्हणलं, वजन ऱ्हात न्हाय तर मग वर कशाला बसायचं?"

मी कोट काढला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मग सगळंच विसरून तसाच पाण्यात उतरलो. पाण्याखाली एक रुंद पायरी होती. बिराप्पांनीही खाली उतरून भावाचे पाय हातानं धरून तिच्यावर टेकवले, गुडघ्यांना पाठीमागून आधार दिला. मास्तरांनी भिंतीतला दगड पकडला. छातीएवढ्या पाण्यात ते सरळ झाले. मी त्याच पायरीवर त्यांच्या शेजारी उभा होतो. मान वर करून बघावं लागलं. माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागत होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "तुम्ही माझ्यापेक्षा उंच आहात!"

"मग? तुमाला काय वाटलं, मी बसूनच जल्मलो?"

ते हसले. पाणी हललं, पाण्याबरोबर त्यांचे ते लांब, बारीक झालेले पाय हलले. ऊन थेट विहिरीच्या तळापर्यंत उतरलं होतं.

"आवं, दगूड सोडू नका!" तुळसाबाई ओरडल्या.

मास्तरांनी दोन्ही हात सोडले होते.